सिंदखेडचे जाधवराव घराणे

सिंदखेडचे जाधवराव घराणे हे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दख्खनच्या राजकारणात वावरलेले एक मातब्बर मराठा सरदार घराणे होय. महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे या घराण्याचे मूळ ठाणे. अहमदनगरच्या निजामशाहीतील प्रमुख सरदार लखुजी जाधवराव हे या घराण्याचे सर्वांत प्रसिद्ध पुरुष. त्यांच्या कन्या जिजाबाई या शहाजीराजे भोसले यांच्या पत्नी व छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातोश्री होत. मराठ्यांचे सेनापती धनाजी जाधव हेही याच घराण्यातील मानले जातात. निजामशाही, मोगल, मराठे आणि हैदराबादचे निजाम अशा चार सत्तांशी या घराण्याचा निकटचा संबंध आला. इ.स. १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजीराव व त्यांचे वंशज यांची झालेली हत्या ही निजामशाहीच्या अखेरच्या पर्वातील निर्णायक घटनांपैकी एक समजली जाते.

नाव व उगम

'जाधव' हे 'यादव' या नावाचे मराठी रूप आहे. देवगिरीच्या यादव राजवंशाशी आपले नाते असल्याची या घराण्याची परंपरा असून 'शिवभारत' या संस्कृत काव्यात कवींद्र परमानंदांनी लखुजीरावांचा उल्लेख यादव कुळातील राजा म्हणूनच केला आहे. अल्लाउद्दीन खल्जीने इ.स. १२९६ मध्ये देवगिरीवर पहिली स्वारी केली आणि पुढील दोन-अडीच दशकांत यादवांचे राज्य लयास गेले. राजवंशाच्या काही शाखा त्यानंतर ग्रामीण भागात वतनदार म्हणून टिकून राहिल्या, असे ही परंपरा सांगते. यादवांपासून लखुजीरावांपर्यंतच्या वंशावळी उत्तरकालीन आहेत. परंतु सतराव्या शतकात या घराण्याचे यादवत्व समकालीनांनी मान्य केले होते आणि दख्खनमधील त्याची प्रतिष्ठा काही अंशी त्यावर उभी होती, एवढे निश्चित.

सिंदखेड परगणा पूर्वी तेथील काझी घराण्याकडे जहागीर होता व पुढे तो जाधवांकडे आला, अशी परंपरा ब्रिटिशकालीन गॅझेटिअरात नोंदविलेली आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लखुजीरावांकडे सिंदखेडची देशमुखी होती. देशमुखी म्हणजे परगण्याचा वसूल गोळा करणे, शांतता राखणे आणि प्रसंगी सैन्य पुरविणे यांची वंशपरंपरागत जबाबदारी व तिच्या मोबदल्यात मिळणारे हक्क. जहागीर सुलतानाच्या मर्जीने मिळे व मर्जीने जाई. वतन मात्र सहसा राज्य बदलले तरी कायम राही. जाधवरावांच्या राजकारणातील अनेक वळणे या भेदातूनच उलगडतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

सिंदखेड राजा हे गाव जालन्याच्या पूर्वेस, जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. हा प्रदेश वऱ्हाडच्या बालाघाटात, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारात मोडतो. पश्चिमेस दौलताबाद, उत्तरेस घाटाखाली बाळापूर व एलिचपूर आणि त्यांच्या पलीकडे बुऱ्हाणपूर अशी त्या काळची मोठी लष्करी ठाणी या टापूच्या भोवती होती.

इ.स. १५९६ मध्ये चांदबिबीने मोगलांशी केलेल्या तहानुसार वऱ्हाड मोगलांकडे गेला. त्यामुळे सिंदखेडचा मुलूख मोगल आणि निजामशाही यांच्यामधील सरहद्दीवर आला. सीमेवरचा बलाढ्य देशमुख ज्या बाजूस झुके, त्या बाजूस घाटवाटा, रसद आणि हजारो घोडेस्वार मिळत. लखुजीरावांना दोन्ही दरबारांनी दिलेले महत्त्व आणि दोन्ही दरबारांना त्यांच्याविषयी वाटणारा संशय या दोहोंचे मूळ या भूगोलात आहे.

लखुजी जाधवराव

फार्सी साधनांत लखुजीरावांचा उल्लेख 'जादुराय' असा येतो. त्यांच्या पत्नीचे नाव परंपरेने म्हाळसाबाई असे सांगितले जाते. दत्ताजी, अचलोजी, राघोजी व बहादुरजी हे त्यांचे पुत्र आणि जिजाबाई ही कन्या. जिजाबाईंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेड येथे झाला, असे परंपरेने मानले जाते. लखुजीरावांचे बंधू जगदेवराव हेही नामांकित सरदार होते.

लखुजीरावांचा कर्तृत्वकाळ हा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या उत्कर्षाचा काळ होय. अंबराच्या गनिमी काव्याची मदार मराठा घोडदळावर होती आणि या घोडदळाच्या अग्रणी सरदारांत जाधवराव होते. तथापि, अंबराच्या हाती एकवटलेल्या सत्तेमुळे जुने सरदार अस्वस्थ झाले. मोगल सेनानी शाहनवाजखान बाळापूर येथे तळ देऊन असताना जादुराय, बाबाजी काटे, आदमखान व याकूतखान आदी निजामशाही सरदार त्यास जाऊन मिळाले. त्यांच्या साहाय्याने मोगलांनी इ.स. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत मलिक अंबराचा पराभव केला. बादशहा जहांगीराच्या आत्मचरित्रात या घटनेची नोंद आहे.

पुढे इ.स. १६२१ च्या सुमारास, शाहजादा खुर्रम म्हणजेच भावी बादशहा शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर असताना, जाधवराव पुन्हा मोगलांकडे आले. या वेळी लखुजीराव, त्यांचे पुत्र, नातू व आप्त यांना मिळालेल्या मनसबींची एकत्रित बेरीज २४,००० जात व १५,००० स्वार इतकी होती, असे सांगितले जाते. 'जात' हा आकडा मनसबदाराचा दर्जा व पगार दर्शवी, तर 'स्वार' हा त्याने बाळगावयाच्या घोडेस्वारांची संख्या. ही बेरीज एका व्यक्तीची नसून संपूर्ण घराण्याची आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे; लोकप्रिय लेखनात ती अनेकदा एकट्या लखुजीरावांच्या नावावर मांडली जाते.

भोसले घराण्याशी संबंध

वेरूळचे मालोजीराजे भोसले यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी जिजाबाईंचा विवाह झाला. रंगपंचमीच्या सोहळ्यात लहानग्या शहाजी-जिजाऊंनी एकमेकांवर रंग उडविला, ते पाहून लखुजीराव सहज 'जोडा शोभतो' अशा अर्थाचे बोलले आणि मालोजीराजांनी तो शब्द धरून ठेवला, ही कथा सर्वपरिचित आहे. सिंदखेड येथील रंगमहालाशी ती जोडली जाते. ही कथा उत्तरकालीन बखरींतील असून तिच्याकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहिले जात नाही. जुने वतनदार जाधव आणि नव्याने उदयास येणारे भोसले यांच्या प्रतिष्ठेतील अंतराची लोकस्मृती मात्र तिच्यात उमटलेली दिसते.

दोन्ही घराण्यांत पुढे रक्तरंजित वैर निर्माण झाले. 'शिवभारता'तील वर्णनानुसार निजामशाही दरबार आटोपून सरदार परतत असताना खंडागळे यांचा हत्ती बिथरला व माणसे तुडवू लागला. त्यास आवरण्याच्या प्रयत्नात दत्ताजी जाधव पुढे सरसावले. शहाजीराजांचे चुलतबंधू, विठोजी भोसले यांचे पुत्र संभाजी हे खंडागळ्यांच्या बाजूने मध्ये पडले. बाचाबाचीचे रूपांतर चकमकीत होऊन दत्ताजी ठार झाले. पुत्राच्या मृत्यूची वार्ता ऐकताच लखुजीराव माघारी वळले. त्यांच्या हल्ल्यात जावई शहाजीराजे जखमी झाले व संभाजी भोसले मारले गेले. या प्रसंगानंतर जाधवरावांनी निजामशाही सोडली, असे शिवभारतकार म्हणतात. फार्सी साधने त्यांच्या पक्षांतराकडे मोगलांच्या दख्खन धोरणाचा भाग म्हणून पाहतात. दोन्ही कारणे एकमेकांस पूरक असू शकतात.

इ.स. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत हे विभाजन रणांगणावर दिसून आले. मलिक अंबराने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा येथे पराभव केला. शहाजीराजे व त्यांचे बंधू शरीफजी निजामशाहीच्या बाजूने लढले आणि शरीफजींना वीरमरण आले. जाधवराव मोगलांच्या पक्षात होते. अशा रीतीने जिजाबाईंचे माहेर आणि सासर परस्परविरोधी सैन्यांत उभे होते.

दौलताबादचे हत्याकांड

मलिक अंबर इ.स. १६२६ मध्ये मरण पावला. त्यानंतर निजामशाही दरबारात गटबाजी वाढली. अशा स्थितीत लखुजीराव मोगलांची सेवा सोडून निजामशाहीत परतले. परंतु एकदा मोगलांकडे गेलेल्या आणि स्वतःची मोठी फौज बाळगणाऱ्या या सरदाराविषयी निजामशहाच्या मनात संशय होता.

२५ जुलै १६२९ रोजी लखुजीराव आपले पुत्र व नातू यांच्यासह दौलताबादच्या किल्ल्यात सुलतानाच्या भेटीस गेले. तेथे पूर्वनियोजित कटानुसार दबा धरून बसलेल्या सरदारांनी त्यांच्यावर हल्ला केला. या हल्ल्यात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि दत्ताजींचे पुत्र यशवंतराव असे एकाच घराण्यातील तीन पिढ्यांचे चार पुरुष मारले गेले. किल्ल्याबाहेर तळावर असलेले जगदेवराव, बहादुरजी व लखुजीरावांच्या पत्नी ही बातमी कळताच निसटून सिंदखेडला पोहोचले. तेथून त्यांनी शाहजहानकडे विनंतीअर्ज पाठविला. पूर्वीचे पक्षांतर माफ होऊन घराण्यातील पुरुषांना पुन्हा मनसबी मिळाल्या.

हत्याकांडाचे परिणाम

या हत्येचे परिणाम निजामशाहीच्या दृष्टीने दूरगामी ठरले. सासऱ्यांच्या हत्येनंतर शहाजीराजांनी निजामशाहीचा त्याग केला आणि इ.स. १६३० मध्ये काही काळापुरती मोगलांची मनसब स्वीकारली. दत्ताजींच्या रक्ताचा सूड ज्यांनी भोसल्यांवर उगवला होता, त्याच लखुजीरावांच्या हत्येचा निषेध भोसल्यांनी दरबार सोडून केला, ही बाब त्या काळच्या नातेसंबंधांची गुंतागुंत दाखविते. दख्खनमध्ये त्याच सुमारास भीषण दुष्काळ पडला. पुढे मलिक अंबराचा पुत्र फतेखान याने निजामशहाचा वध केला, इ.स. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि शहाजीराजांनी एका बालवारसाच्या नावे चालविलेला राज्यकारभार इ.स. १६३६ मध्ये संपुष्टात आला. ज्या घोडदळावर निजामशाही तग धरून होती, त्याच्याच नेत्यांना तिने दुरावले, असा निष्कर्ष अनेक इतिहासकारांनी काढला आहे.

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. म्हणजेच वडील, दोन भाऊ व भाचा यांच्या हत्येच्या वेळी जिजाबाई गर्भवती होत्या. सुलतानाची चाकरी कितीही निष्ठेने केली तरी सरदाराचे प्राण त्याच्या लहरीवर अवलंबून असतात, हा धडा त्यांनी आपल्या माहेरच्या घरातच पाहिला होता. स्वराज्याच्या कल्पनेमागील प्रेरणांचा विचार करताना अभ्यासक या घटनेचा उल्लेख आवर्जून करतात.

मोगलांच्या सेवेतील शाखा

हत्याकांडानंतर सिंदखेडची मुख्य शाखा मोगलांच्या सेवेत स्थिरावली. शिवाजी महाराजांच्या काळातही ही शाखा सामान्यतः मोगलांकडेच राहिली. तथापि, वैवाहिक संबंध तुटले नाहीत. शिवाजी महाराजांच्या पत्नींपैकी काशीबाई या जाधव घराण्यातील होत्या. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू हे औरंगजेबाच्या छावणीत कैदेत असताना त्यांचा एक विवाह सिंदखेडकर जाधवरावांच्या कन्येशी लावण्यात आला. मोगलांच्या चाकरीत असूनही छत्रपतींच्या घराण्यास सोयरीक करण्याजोगे हे कुळ वाटत होते, हे यावरून स्पष्ट होते.

धनाजी जाधव व चंद्रसेन जाधव

दौलताबादेस मारले गेलेल्या अचलोजींचे पुत्र संताजी यांचा सांभाळ जिजाबाईंनी केला, अशी परंपरा आहे. याच शाखेत पुढे धनाजी जाधव झाले. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात संताजी घोरपडे व धनाजी जाधव या जोडीने औरंगजेबाच्या फौजांना सळो की पळो करून सोडले. संताजींनंतर सेनापतिपद धनाजींकडे आले. इ.स. १७०५ मध्ये वाकिनखेड्याच्या वेढ्यात त्यांनी बेरडांच्या मदतीस धाव घेतली आणि इ.स. १७०६ मध्ये गुजरातेत रतनपूर येथे मोगल सैन्याचा पराभव केला. इ.स. १७०७ मध्ये ताराबाईंनी शाहूंवर पाठविलेल्या सैन्याचे धनाजी प्रमुख होते. परंतु खेडच्या लढाईत ते शाहूंच्या पक्षास मिळाले आणि त्यामुळे शाहूंचा मार्ग मोकळा झाला. इ.स. १७०८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे पेशवेपदी आलेले बाळाजी विश्वनाथ हे आरंभी धनाजींच्याच हाताखाली कारभारी होते.

धनाजींचे पुत्र चंद्रसेन यांना सेनापतिपद मिळाले. बाळाजी विश्वनाथांचे वाढते वजन त्यांना सहन झाले नाही. इ.स. १७११ मध्ये दोघांतील वितुष्ट विकोपास जाऊन चंद्रसेन प्रथम ताराबाईंकडे व नंतर निजामउल्मुल्काकडे गेले. निजामाने त्यांना भालकी येथे मोठी जहागीर दिली. अशा रीतीने स्वराज्याचे सेनापतिपद भूषविलेली शाखाही मराठी राज्याबाहेर गेली.

निजाम-पेशवे संघर्षातील सिंदखेड

अठराव्या शतकात सिंदखेडचा परिसर पुन्हा दोन सत्तांच्या सीमेवर आला. सिंदखेडनजीकच्या साखरखेर्डा येथे इ.स. १७२४ मध्ये निजामउल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया या लढाईने घातला गेला. विजयाचे स्मारक म्हणून गावाचे नाव फतेहखेर्डा असे ठेवण्यात आले. परंतु लोकांच्या तोंडी जुने नावच टिकले.

चंद्रसेनांचे पुत्र रामचंद्र जाधव यांना इ.स. १७५७ च्या डिसेंबर महिन्यात पेशव्यांच्या सैन्याने सिंदखेड येथे वेढले. या मोहिमेत पेशव्यांचे पुत्र विश्वासराव होते व लढाईची प्रत्यक्ष धुरा दत्ताजी शिंदे यांच्याकडे होती. निजामअली रामचंद्ररावांच्या सुटकेसाठी धावून आला. निकराच्या लढाईनंतर साखरखेर्डा येथे तह होऊन निजामाने २५ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख व नळदुर्ग किल्ला पेशव्यांना देण्याचे मान्य केले. जिजाबाईंच्या जन्मगावी जाधव निजामाच्या बाजूने आणि शिंदे पेशव्यांच्या बाजूने लढले, ही या लढाईची विसंगती इतिहासकारांच्या नजरेतून सुटलेली नाही.

ऱ्हास

इ.स. १८०३ मध्ये असई व अडगाव येथील लढायांनंतर इंग्रज सेनापती वेलस्ली याचा तळ जानेवारी १८०४ मध्ये सिंदखेडला पडला होता. दुष्काळ, उपासमार आणि लुटारूंचा सुळसुळाट यांमुळे या भागाची झालेली दैना त्याने आपल्या पत्रात नोंदविली आहे. दोन शतके फौजांच्या वाटेवर राहिल्याची किंमत या मुलखाने मोजली होती.

इ.स. १८५१ मध्ये बाजीराव जाधव यांच्या पदरच्या अरब शिपायांनी हैदराबाद कंटिंजंटच्या सैन्याशी लढा दिला. या संघर्षानंतर घराण्याचे वंशपरंपरागत हक्क व मालमत्ता जप्त करण्यात आली. बाजीराव यांना कैदेत ठेवण्यात आले व इ.स. १८५६ मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. दरम्यान इ.स. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. घराण्याची राजकीय भूमिका येथे संपली.

शाखा

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा व मेहुणा राजा या गावांच्या नावांतील 'राजा' हे पद जाधवरावांच्या सत्तेची आठवण म्हणून सांगितले जाते. यांपैकी देऊळगाव राजा येथील बालाजी मंदिर या घराण्याच्या आश्रयाने भरभराटीस आले. तेथील यात्रोत्सव प्रसिद्ध आहे. मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाते. पश्चिम महाराष्ट्रात माळेगाव, भुईंज, वाघोली इत्यादी ठिकाणी जाधवराव घराणी आहेत. शाहूकाळातील नामवंत सरदार पिलाजी जाधवराव हे वाघोलीचे होत.

वास्तू

सिंदखेड राजा येथे या घराण्याशी निगडित अनेक वास्तू आहेत.

राजवाडा: लखुजीरावांचा हा वाडा जिजाबाईंचे जन्मस्थान मानला जातो. त्याचे भव्य दगडी प्रवेशद्वार आजही उभे आहे.

लखुजीरावांची समाधी: दौलताबादेस मारल्या गेलेल्या पुरुषांच्या स्मरणार्थ उभारलेली ही भव्य दगडी घुमटाकार वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. इ.स. २०२४ मध्ये येथील जतनकार्याच्या वेळी केलेल्या उत्खननात प्राचीन शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची सुमारे १.७० मीटर लांबीची शिल्पाकृती सापडली. विष्णूचे पाय चेपणारी लक्ष्मी व समुद्रमंथनाचा प्रसंग तिच्यावर कोरलेला आहे. जाधवरावांच्या आधीही हे गाव एक महत्त्वाचे धार्मिक केंद्र होते, यास या शोधाने पुष्टी मिळाली.

इतर वास्तू: काळा कोट, रंगमहाल, नीलकंठेश्वर व रामेश्वर मंदिरे, मोती तलाव, चांदणी तलाव आणि मूर्तिकामाने नटलेली पुतळा बारव या वास्तू प्रेक्षणीय आहेत. तलाव व बारवांची ही मालिका कमी पावसाच्या पठारावरील जलव्यवस्थापनाचे उत्तम उदाहरण आहे.

मूल्यमापन

जाधवरावांनी वारंवार बाजू बदलल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आहे. आधुनिक राष्ट्रभावनेच्या निकषावर ही टीका स्वाभाविक वाटली, तरी सतराव्या शतकातील सरदाराची पहिली निष्ठा आपले वतन, आपले कुळ आणि आपल्यावर अवलंबून असलेले स्वार यांच्याशी असे. मलिक अंबर, मोगल आणि आदिलशहा यांच्या कात्रीत सापडलेल्या सरहद्दीवरील देशमुखाला एकाच धन्याशी आयुष्यभर बांधून घेणे परवडणारे नव्हते. लखुजीरावांनी हा तोल दीर्घकाळ सांभाळला आणि अखेरीस तो सांभाळतानाच त्यांचा घात झाला.

दुसऱ्या बाजूने, केवळ 'जिजाऊंचे माहेर' एवढीच या घराण्याची ओळख शिल्लक राहिल्याने त्याचा स्वतंत्र इतिहास काहीसा झाकोळला गेला आहे. निजामशाहीतील मराठा सरदारांनी घोडदळाचे जे सामर्थ्य व स्थानिक सत्तेचा जो अनुभव कमावला, त्याच्या आधारावरच पुढील पिढीत स्वतंत्र राज्य उभे राहू शकले. या प्रक्रियेतील पहिल्या फळीच्या घराण्यांत सिंदखेडच्या जाधवरावांची गणना होते.

स्मृती

जिजाबाईंच्या जन्मस्थानामुळे सिंदखेड राजा 'मातृतीर्थ' म्हणून ओळखले जाते. दरवर्षी १२ जानेवारीस येथे जिजाऊ जन्मोत्सव साजरा होतो व महाराष्ट्राच्या सर्व भागांतून लाखो लोक येतात. गावाजवळ जिजाऊ सृष्टी हा स्मारकप्रकल्प उभारण्यात येत आहे. जिजाबाईंचे निधन १७ जून १६७४ रोजी रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे झाले. त्यांची समाधी तेथे आहे.

हेही पाहा

जिजाबाई
शहाजीराजे भोसले
मलिक अंबर
भातवडीची लढाई
धनाजी जाधव
सिंदखेड राजा
साखरखेर्डा